रुंद तिरका फॉन्ट पुन्हा पुन्हा बिघडतो: दुहेरी कल, कापलेलं शेवटचं अक्षर आणि उपाय

एका उपकरणाच्या पुढच्या पट्टीवर अक्षरं लावायची होती. रुंद, तिरका, सेरिफ (रेघांच्या टोकांना असलेले छोटे फाटे) नसलेला फॉन्ट, बटणांची नावं आणि काही आकडे, सगळं मिळून बारा-तेरा शब्द. स्क्रीनवर नीट दिसत होतं. छापलेली पट्टी हातात आली तेव्हा रोमन लिपीतला मोठा ‘ओ’ एका कोपऱ्याकडे ओढल्यासारखा दिसला आणि सगळ्याच शब्दांचा कल मी लावला होता त्याहून जास्त वाटला. फाइल तीच, फॉन्टचं नावही तेच. पुढे हाच प्रकार एका वेबपानाच्या शीर्षकात भेटला, मग एका सादरीकरणात, मग पुन्हा छपाईत. लक्षण दर वेळी थोडं बदलायचं. खोलात गेल्यावर मूळ मात्र एकच निघायचं: अक्षराला कल फॉन्ट देतोय की प्रोग्राम, हे कुणी ठरवलेलंच नसायचं.

या जातीच्या अक्षरांत हा घोटाळा लवकर लक्षात येत नाही. पुस्तकी सेरिफ फॉन्टचं इटॅलिक हे वेगळंच हस्ताक्षर असतं. लहान ‘ए’चा आकारसुद्धा बदलतो, म्हणून खरं-खोटं लगेच कळतं. तांत्रिक बाजाच्या सॅन्स-सेरिफमध्ये, म्हणजे सेरिफ नसलेल्या फॉन्टमध्ये, तिरकं रूप म्हणजे बहुतेक वेळा तेच अक्षर कलतं केलेलं. ‘ए’ दोन मजली तो दोन मजलीच राहतो. त्यामुळे ‘लहान ए बघा’ ही नेहमीची युक्ती इथे चालत नाही, आणि खोटा कल महिनोन्महिने खपून जातो.

कुणी म्हणेल, खपतंय तर खपू दे. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण या अक्षरांच्या घडणीतच आहे. या घराण्याचा एक मूळपुरुष म्हणजे मायक्रोग्रामा: १९५२, तुरीनची नेबिओलो फाउंड्री (छपाईचे ठसे ओतणारा कारखाना), अक्षरकार अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोवारेझे. त्यात फक्त मोठी अक्षरं होती. नोवारेझेने १९६२ मध्ये युरोस्टाइल केला आणि या घाटाला लहान अक्षरंही मिळाली. दोन्हींचा ‘ओ’ गोलही नाही आणि चौकोनीही नाही. कोपरे घासून गुळगुळीत केलेल्या चौकटीसारखा आहे. या घाटाची सगळी मदार दोन गोष्टींवर असते, चारही कोपऱ्यांचं सारखं वळण आणि सगळीकडे जवळपास सारखी जाडी. प्रोग्राम अक्षर वाकवतो तेव्हा नेमक्या याच दोन गोष्टी बिघडतात.

आधी एक अक्षर मोठं करून बघा

दुरुस्तीला हात घालण्याआधी खोटा कल ओळखता यायला हवा. मी मोठा ‘ओ’ आणि मोठा ‘आय’ वापरतो.

‘ओ’ पडदाभर मोठा करा. सरळ अक्षर नुसतं गणिताने उजवीकडे ढकललं असेल, तर वरचा उजवा आणि खालचा डावा कोपरा टोकदार होतो आणि तिथली रेघ जाडावते. वरचा डावा आणि खालचा उजवा कोपरा बोथट होतो, तिथली रेघ बारीक पडते. अक्षरकार हाताने तिरकं रूप करतो तेव्हा तो ही जाडी काढून तिकडे घालतो, वळणं पुन्हा जुळवतो. चारही कोपरे डोळ्याला एकाच वजनाचे वाटले तर कल फॉन्टमधला आहे असं समजायला हरकत नाही. एक अडचण मात्र आहे: काही फॉन्टमध्ये खुद्द बनवणाऱ्यानेच ही दुरुस्ती केलेली नसते. म्हणून दुसरी खूण लागते.

दुसरी खूण कोनाची. मोठा ‘आय’ असा वाढवा की त्याची उंची बरोबर ५०० पिक्सेल होईल, आणि त्याच्या उभ्या रेघेचं वरचं टोक खालच्या टोकापेक्षा किती पिक्सेल उजवीकडे गेलंय ते मोजा. १०६ आले तर कल १२ अंशांचा. बरेच तिरके सॅन्स-सेरिफ याच्या आसपास असतात, हेल्वेटिकाचं तिरकं रूप १२ अंशांचंच आहे. साधारण १२५ आले तर १४ अंश. सीएसएसच्या (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) नियमात तिरकेपणाचा कोन सांगितला नसेल तेव्हा १४ अंशच धरतात, म्हणून हा आकडा दिसला की मला आधी ब्राउझरचा संशय येतो. आणि २३१ आले, म्हणजे जवळपास २५ अंश, तर दोघांनीही आपापला कल दिलाय: फॉन्टचे १२ आणि त्यावर प्रोग्रामचे १४ (बेरीज अंशांची होत नाही, सरकलेल्या पिक्सेलची होते: १०६ आणि १२५). माझ्या त्या छापील पट्टीवर हेच झालं होतं.

२५ अंशांना अक्षर फक्त झुकत नाही, बारीकही होतं. उभी रेघ आडव्या मापात तेवढीच राहते, पण तिची खरी जाडी सुमारे ९ टक्क्यांनी उतरते. आडव्या रेघा मात्र होत्या तशाच राहतात. एकाच जाडीवर उभं असलेलं अक्षर मग उभ्यात किडकिडीत आणि आडव्यात जड दिसतं. तांत्रिक रेखाटनावरच्या अक्षरांसाठी आयएसओ ३०९८ या मानकात कल ठरवून दिलेला आहे, आडव्या रेषेशी ७५ अंश, म्हणजे उभ्यापासून १५. त्याच्या पलीकडे गेलेलं अक्षर नेमकं आणि यंत्रासारखं न वाटता पडायला आल्यासारखं वाटतं.

वेबपानावर

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण बिघाडाच्या जागा तीन-चार आहेत आणि त्या एकमेकींवर चढतात.

पहिली जागा फॉन्ट-फेसची घोषणा, म्हणजे फॉन्टच्या फाइलची ब्राउझरला ओळख करून देणारी सीएसएसमधली नोंद. रुंद तिरक्या फाइलला स्वतंत्र कुटुंबनाव दिलेलं असतं आणि फॉन्ट-स्टाइलची (सरळ की तिरकं ते सांगणारी) ओळ लिहायची राहिलेली असते. ओळ नसेल तर ब्राउझर ती फाइल सरळ आहे असं धरतो. मग शीर्षकात कुणी ‘ईएम’ टॅग (शब्दावर जोर देणारी, सहसा इटॅलिक करणारी खूण) टाकतं, किंवा जुन्या नियमातून इटॅलिक वारशाने येतं. ब्राउझरला इटॅलिक हवं असतं आणि हाताशी ‘सरळ’ म्हणून नोंदलेली फाइल असते, म्हणून तो ती स्वतः वाकवतो. आधीच वाकलेली फाइल पुन्हा वाकते. उपाय सोपा आहे: रुंद सरळ आणि रुंद तिरकी या दोन्ही फाइली एकाच कुटुंबनावाखाली घ्या, तिरकीच्या घोषणेत फॉन्ट-स्टाइल इटॅलिक लिहा, आणि दोघींच्या घोषणेत फॉन्ट-स्ट्रेचची, म्हणजे रुंदीची, खरी किंमत द्या. नेहमीची रुंदी १०० टक्के, एक्सपांडेड १२५, एक्स्ट्रा-एक्सपांडेड १५०.

दुसरी जागा जास्त फसवी. तुमच्याकडे रुंद सरळ, नेहमीच्या रुंदीचं सरळ आणि नेहमीच्या रुंदीचं इटॅलिक अशा तीन फाइली आहेत. रुंद इटॅलिक नाही. तुम्ही रुंद इटॅलिक मागितलं. आपल्याला वाटतं की ब्राउझर निदान खरं इटॅलिक तरी देईल, रुंदी थोडी कमी असली तरी. तसं होत नाही. फॉन्ट निवडताना आधी रुंदी जुळवली जाते, मग कल, शेवटी जाडी. रुंदीच्या पहिल्या चाळणीतच खरं इटॅलिक बाहेर पडतं, उरतं रुंद सरळ, आणि ब्राउझर ते वाकवतो. हा क्रम कळेपर्यंत मी फाइली उलटसुलट करून बघत बसलो होतो. म्हणजे रुंद कुटुंबात तिरकं रूप खरोखर आहे का, हे फॉन्ट निवडतानाच बघायला हवं. गूगल फॉन्ट्सवर या बाजाची जी नावं पटकन हाती लागतात त्यांत मिक्रोमा एकाच सरळ रूपात मिळतो, आणि ऑर्बिट्रॉनला जाड-बारीक रूपं असली तरी इटॅलिक नाही. या दोघांवर इटॅलिक लावलं की जे दिसतं ते शंभर टक्के ब्राउझरने बनवलेलं असतं. तिरकं हवंच असेल तर इटॅलिक आणि रुंदीचा अक्ष (रुंदी हवी तेवढी कमी-जास्त करण्याची सोय) दोन्ही असलेलं कुटुंब घ्या, उदाहरणार्थ आर्किव्हो किंवा सायरा.

असं कुटुंब घेतलं तरी रुंदी आपोआप येत नाही. गूगल फॉन्ट्सच्या दुव्यात फक्त जाडी मागितली असेल तर तेवढीच येते. रुंदीचा आणि इटॅलिकचा अक्ष दुव्यात नाव घेऊन मागावा लागतो. फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली असेल तर फॉन्ट-फेसमध्ये फॉन्ट-स्ट्रेचचा पूर्ण पट्टा लिहा, आर्किव्होसाठी ६२ टक्के ते १२५ टक्के. पट्टा लिहिला नाही तर नियमात १२५ लिहूनही अक्षर १०० वरच अडून राहू शकतं. मग कुणीतरी वैतागून ट्रान्सफॉर्म या सीएसएसच्या आज्ञेने अक्षर आडवं ताणतं. ते करू नका. १३० टक्के ताणलं की उभ्या रेघा १३० टक्के जाड होतात आणि आडव्या तशाच राहतात. रुंद फॉन्ट काढणाऱ्याने ज्या सारख्या जाडीसाठी मेहनत घेतली, ती एका ओळीत वाया जाते.

तिसरी जागा व्हेरिएबल फॉन्टमधला (एकाच फाइलमध्ये अक्षांनी रूप बदलता येणाऱ्या फॉन्टमधला) कलाचा अक्ष. याची खूण ‘एसएलएनटी’, आणि याचं चिन्ह उलटं आहे: अक्षर पुढे, म्हणजे उजवीकडे झुकवायचं तर किंमत उणे द्यावी लागते. रोबोटो फ्लेक्समध्ये हा अक्ष उणे १० ते ० एवढाच आहे. तिथे अधिक १० लिहिलं तर ती किंमत पट्ट्याबाहेर जाते, ० धरली जाते आणि अक्षर सरळच उभं राहतं. सीएसएसच्या फॉन्ट-स्टाइलमध्ये मात्र ‘ओब्लीक (म्हणजे तिरकं) १० डिग्री’ असं अधिकच लिहायचं असतं. ब्राउझर चिन्ह स्वतः पालटून अक्षाला देतो. मी ही दुसरी वाट धरतो. फॉन्ट-फेसमध्ये ‘ओब्लीक ० डिग्री १० डिग्री’ असा पट्टा आणि नियमात ‘ओब्लीक १० डिग्री’.

ज्यांना फॉन्ट-व्हेरिएशन-सेटिंग्जने (अक्षांच्या किंमती थेट लिहिण्याच्या ओळीने) काम करायचंय त्यांनी एक लक्षात ठेवावं: त्यातल्या किंमती एकमेकींत मिसळत नाहीत. मूळ नियमात रुंदी १५१ दिली आणि माउस वर नेल्यावरच्या नियमात फक्त कल दिला, तर दुसरी ओळ पहिलीला पूर्ण पुसते आणि माउस नेताच शब्द आक्रसतो. दोन्ही अक्ष दोन्ही ठिकाणी लिहावे लागतात. आणि याच ठिकाणी वरून इटॅलिकही लावलेलं असेल, फॉन्ट-फेसमध्ये पट्टा नसेल, तर अक्षाचे १० आणि ब्राउझरचे १४ मिळून कल २३ अंशांवर जातो.

या सगळ्यावर एक पहारेकरी बसवता येतो: फॉन्ट-सिंथेसिस-स्टाइलला ‘नन’. मग ब्राउझर स्वतःहून काहीच वाकवत नाही. खरं तिरकं रूप असेल तर ते दिसतं, नाहीतर सरळ अक्षर दिसतं आणि चूक पहिल्याच दिवशी समोर येते. नुसतं फॉन्ट-सिंथेसिस ‘नन’ लिहिलं तर बनावट जाडीही बंद होते, ते चालणार आहे का ते आधी ठरवा. मी नव्या पानावर ही ओळ सगळ्यात आधी लिहितो आणि काम संपल्यावरही काढत नाही. शिवाय क्रोमच्या तपासणी-खिडकीत कम्प्युटेड भागाच्या तळाशी प्रत्यक्ष वापरलेल्या फॉन्टचं नाव येतं, फायरफॉक्समध्ये त्यासाठी फॉन्ट्स नावाचा वेगळा कप्पा आहे. अंदाज बांधत बसण्यापेक्षा तिथे बघा.

शेवटचं अक्षर कापलं जातं

ही तक्रार कलाशी जोडलेली आहे, म्हणून इथेच घेतो. तिरक्या मोठ्या अक्षराचं वरचं टोक त्याला दिलेल्या जागेच्या बाहेर जातं. मोठ्या अक्षराची उंची फॉन्टच्या मापाच्या ०.७ धरली आणि कल १२ अंश, तर टोक तळापेक्षा ०.१५ एम (एक एम म्हणजे फॉन्टचं माप) उजवीकडे येतं. ६४ पिक्सेलच्या शीर्षकात साडेनऊ पिक्सेल. चांगल्या फॉन्टमध्ये अक्षर मधल्या उंचीभोवती कलवलेलं असतं, त्यामुळे यातला काही भाग डावीकडे तळाशी जातो आणि उजवीकडचं बाहेर येणं कमी होतं. ब्राउझरने वाकवलेलं अक्षर तळरेषेभोवती वाकतं, ते सगळंच्या सगळं उजवीकडे जातं. डब्यावर ओव्हरफ्लो हिडन (बाहेर गेलेलं लपवण्याची आज्ञा) असेल, किंवा अक्षरांत रंगछटा भरायला पार्श्वभूमी अक्षरांपुरती कापलेली असेल, तर ‘टी’, ‘एफ’ किंवा ‘सात’च्या आकड्याचा वरचा उजवा कोपरा सरळ रेषेत छाटला जातो. शेवटी ०.१५ एमचं पॅडिंग (डब्याच्या आतली मोकळी जागा) द्या आणि गरज असेल तर तेवढंच उणे मार्जिन (बाहेरची मोकळी जागा), म्हणजे मांडणी हलणार नाही. डावीकडचं तळटोक कापलं जात असेल तर तिकडेही तसंच, पण अर्धं पुरतं.

सोबतची देवनागरी

आपल्यापैकी बहुतेकांना ही अडचण येणारच. या घराण्यातल्या बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी नसते. शीर्षकात रोमन नाव आणि मराठी शब्द शेजारी असले की मराठी शब्द दुसऱ्या फॉन्टमधून येतात, आणि देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना तिरकं रूप नसल्याने इटॅलिकचा नियम लागताच ब्राउझर त्यांना वाकवतो. शिरोरेषा आडवी असल्यामुळे ती आडवीच राहते, जोडही तुटत नाही, पण काने झुकतात. वेलांटीची कमान शिरोरेषेच्या वर असल्यामुळे ती सगळ्यात जास्त सरकते. ‘र्की’सारखं अक्षर मोठं करून बघा: रफार आणि वेलांटी शिरोरेषेच्या वर, कान्याच्या पायथ्यापासून पार उजवीकडे गेलेली दिसतील, आणि शब्द लहान आकारात वाचताना तिथेच नजर अडखळते.

मी देवनागरी सरळच ठेवतो. मराठी मजकुराला भाषेची खूण लावून त्या खुणेवर फॉन्ट-स्टाइल नॉर्मल. रोमन तिरकं आणि देवनागरी सरळ हे शेजारी विसंगत दिसेल अशी भीती वाटते, पण दोन्हींची जाडी जुळवली तर तसं जाणवत नाही. वाकवलेली देवनागरी मात्र कितीही जुळवली तरी ओढलेलीच दिसते.

लेखनाचे आणि मांडणीचे प्रोग्राम

इथे घोळ फॉन्टच्या नावांतून होतो. जुन्या व्यवस्थेत एका कुटुंबात चारच रूपं मावतात: साधं, इटॅलिक, ठळक, ठळक इटॅलिक. त्यामुळे मोठ्या कुटुंबातलं ‘वाइड ओब्लीक’ कधीकधी यादीत स्वतंत्र कुटुंब म्हणून येतं आणि आतमध्ये ‘रेग्युलर’ म्हणून नोंदलेलं असतं. प्रोग्रामच्या दृष्टीने ते सरळ. तुम्ही यादीतून ते निवडलं आणि सवयीने इटॅलिकचं बटण दाबलं, की दुहेरी कल. नियम साधा ठेवा: यादीतल्या नावात ओब्लीक किंवा इटॅलिक आलं की बटणाला हात लावायचा नाही. शैलीपत्रकातून बटण आधीच दाबलेलं आहे का, तेही बघा. माझ्याकडे बऱ्याचदा दोष तिथे सापडलाय.

विंडोजवर फॉन्ट यादीतच दिसत नसेल तर तो फक्त तुमच्या खात्यापुरता बसवलेला असू शकतो. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून तशी सोय आहे आणि काही जुने प्रोग्राम त्या फोल्डरमध्ये बघत नाहीत. फाइलवर उजवी टिचकी देऊन ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ बसवा आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा.

छपाईला देताना

‘कर्व्ह करून द्या’, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृती करून द्या, असं छपाईवाले सांगतात ते बरोबर आहे, कारण मग समोरच्या संगणकावर फॉन्ट आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. पण कर्व्ह करण्याच्या क्षणी कल जो असेल तोच कायमचा गोठतो. म्हणून आधी कॅरेक्टर पॅनलमध्ये स्क्यूची (वाकवण्याची) किंमत ० आणि आडवं प्रमाण १०० टक्के आहे ना ते बघा. जुन्या फाइलमधून मजकूर चिकटवला की हे आकडे सोबत येतात आणि डोळ्याला पटकन दिसत नाहीत.

व्हेरिएबल फॉन्ट कर्व्ह केला असेल तर आणखी एक काम आहे. त्यात अक्षराचे भाग एकमेकांवर चढलेले ठेवतात, कारण अक्ष हलवताना ते सोयीचं पडतं. भरीव छपाईत ते कळत नाही, पण बाह्यरेषा दिली किंवा व्हिनाइल कापायला दिलं की ‘टी’च्या आडव्या-उभ्या रेघांच्या जोडावर आतल्या रेषा उमटतात, आणि कापणाऱ्या यंत्राची सुरी त्या रेषांवरूनही फिरते. कर्व्ह केल्यावर प्रत्येक अक्षराचे आकार एकत्र जोडून घ्या.

कर्व्ह न करता पीडीएफ द्यायची असेल तर फाइलच्या माहितीत फॉन्टची यादी उघडा. प्रत्येक नावाशेजारी तो फाइलमध्ये घातलेला आहे की नाही ते लिहिलेलं असतं. नावाआधी सहा मोठी अक्षरं आणि अधिकचं चिन्ह असेल तर वापरलेल्या अक्षरांपुरता भाग घातलाय, ते ठीक आहे. मग नाव वाचा. पानावर अक्षरं तिरकी दिसतायत आणि यादीत फक्त सरळ रूपाचं नाव आहे, तर कल बनावट आहे. यादीत तिरक्याचं नाव आहे आणि ‘आय’ मोजल्यावर २५ अंश येतायत, तर मूळ फाइलमध्ये कुठेतरी इटॅलिकचं बटण दाबलेलं आहे. त्या उपकरणाची पट्टी मी दुसऱ्यांदा छापायला दिली तेव्हा आधी ही यादी बघितली, बटण सोडवलं, आणि ‘आय’ची मोजणी १०६ पिक्सेलवर आली.